व्हेरोनाचे चार फूट

आमच्या ड्राय गॅप गावात व्हेरोना हुडाकच्या बसमागे सापडलात तर गाडीतच दाढी उरकून घ्यावी, असं आमचा पोस्टमन म्हणायचा. म्हणू दे बापड्याला. पेनसिल्व्हेनियातल्या या उतारांवर तिने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, ढोपरभर बर्फातसुद्धा, आणि एका पोराच्या गुडघ्याला खरचटू दिलं नाही. त्याबद्दल तिची पाठ कुणी थोपटली नाही. मागून हॉर्न मात्र रोज वाजवले.

बाईचा स्वभावच काळजीचा. बस सुरू करण्याआधी ब्रेक तीनदा दाबून बघायची. चर्चमध्ये बसली की शेगडी बंद केली का, हा किडा डोक्यात वळवळायचा, आणि अर्ध्या प्रार्थनेतून उठून ती घरी जाऊन यायची. शेगडी दर वेळी बंदच असायची. एक गोष्ट मात्र तिला उभ्या जन्मात जमली नाही. गाडी मागे घेणं. बसचा मार्ग तिने असा आखून घेतला होता की बस मागे घ्यायची वेळच येऊ नये. घरच्या व्हॅनसाठी क्लेम होता.

क्लेम तिचा नवरा. चौतीस वर्षं तो रेल्वेच्या यार्डात ब्रेकमन होता. यार्डात खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, तिथे हातच बोलतात. डबे जोडणारा ब्रेकमन लांबून हात गोल फिरवतो, म्हणजे मागे ये. हात वरखाली केला म्हणजे पुढे जा. खांद्याच्या रेषेत आडवा धरला म्हणजे हळू. इंजिनवाला त्या हातावर पुरता विश्वास ठेवतो, नाहीतर कुणाचा तरी जीव जातो. व्हेरोना व्हॅनमध्ये बसली की क्लेम मागे जाऊन उभा राहायचा आणि शंभर डब्यांची मालगाडी असल्यासारखा हात फिरवायचा. शेजारीपाजारी हसायचे. ती आरशात तेवढा हात बघायची आणि निर्धास्त मागे यायची.

गेल्या वर्षी सप्टेंबरात क्लेमला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात ठणठणीत होता, पण तो उचलेल तर शपथ. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून सांगून थकली, काका, डाव्या हाताने खुणा करा, पाणी हवं तर दाखवा, नको असेल तर दाखवा. क्लेम तिच्याकडे बघायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. ज्या माणसाने हाताच्या एका फिरकीवर मालगाड्या नाचवल्या, तो आता पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवणार? व्हेरोनाला ते कळत होतं आणि म्हणूनच तिचा जीव तुटत होता. तेव्हापासून ती व्हॅन अशा ठिकाणी लावायची की सरळ पुढे निघता यावं. त्यापायी दुकानापासून अर्धा मैल चालावं लागलं तरी चालेल.

आणि हे कमी म्हणून की काय, तो इस्पितळात असतानाच तळघरात कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप फुटला. दोन दिवस ती घरी नव्हती. आली तेव्हा क्लेमचा तुकडा पाण्यात फुगून पडला होता.

हा तुकडा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे बंबवाल्यांच्या हॉलमध्ये दर वर्षी नाताळच्या आधी छोट्या रेल्वेचा मोठा फेरा मांडतात. बावीस घरांचे बावीस तुकडे, प्रत्येकी चार फुटांचा टेबलासारखा. त्यावर रूळ, झाडं, घरं, ज्याला जे सुचेल ते. तुकड्याला तुकडा जोडला की रूळ हॉलभर फिरतात आणि गाडी सगळ्यांच्या घरून जाते. क्लेमची जागा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. एकतीस वर्षं त्याने त्या चार फुटांवर एकेक झाड हाताने लावलं होतं. ते सगळं भिजून कुबट लगद्यासारखं झालेलं बघून व्हेरोनाचा धीरच सुटला. तिने ते तसंच्या तसं कचऱ्याच्या गाडीत घातलं. कुणाला विचारलं नाही, रूळसुद्धा काढून ठेवले नाहीत. नंतर क्लेमला सांगितलं तेव्हा तो काही करूच शकत नव्हता. त्याने फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते फिरवलेलं तोंड तिच्या मनातून वर्षभर गेलं नाही.

ऑगस्टमध्ये मर्ल स्टिफलर घरी आला. हा फेरा मांडणाऱ्या मंडळाचा प्रमुख, निवृत्त इंजिन-ड्रायव्हर, क्लेमबरोबर आयुष्य काढलेला. ओसरीत उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. गेल्या वर्षी क्लेमच्या जागी त्यांनी नुसती फळी टाकून वरून रूळ नेले होते. पण नियम असा की एक वर्ष फळी चालते, दुसऱ्या वर्षी जागा पुढच्या माणसाला. शेजारच्या गावातला एक दातांचा डॉक्टर सहा वर्षं रांगेत ताटकळत होता.

"तू काही बोलू नकोस त्याच्याजवळ," व्हेरोना म्हणाली. "मी आणते तुकडा."

मर्लने तिच्याकडे असं बघितलं जसं काही ती विमान आणते म्हणाली. "अगं, तुला रुळाचं पुढचं टोक कुठलं नि मागचं कुठलं ते तरी ठाऊक आहे का?"

"रुळाला पुढचं-मागचं नसतं, एवढं ठाऊक आहे."

त्यावर तो हसला आणि नियमांचा कागद काढून तिच्या हाती दिला. जाता जाता दाराशी थबकला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी उद्घाटन, आणि पहिली फेरी नेहमीप्रमाणे मंडळातल्या सगळ्यांत जुन्या इंजिनाची. ते इंजिन ज्या नव्या तुकड्यावरून हात न लावता पार जाईल तोच तुकडा मंडळाचा. नाहीतर नाही. सगळ्यांत जुनं इंजिन म्हणजे क्लेमचंच, आठव्या वाढदिवसाला त्याच्या बापाने दिलेलं. आणि हा नियमही वीस वर्षांपूर्वी क्लेमनेच हट्टाने करून घेतलेला. त्यामुळे सूट मागायची सोय नव्हती.

कागदावर टेबलाची उंची होती, कडेपासून रुळांचं अंतर होतं, वायरींचे रंग होते. व्हेरोनाने तो इतक्या वेळा वाचला की घड्यांवर फाटला. दुसऱ्या दिवशी मोठ्या गावातल्या खेळण्यांच्या दुकानातून ती रुळांचा डबा घेऊन आली, आणि घरी उघडून बघते तर रूळ हे एवढेसे, करंगळीएवढ्या रुंदीचे. क्लेमचं इंजिन त्यावर म्हणजे हत्तीच्या पायात पोराची चप्पल. सुरुवातच अशी झाली तर पुढे काय वाढून ठेवलंय, या विचाराने तिला दोन दिवस अन्न गेलं नाही.

मग कुणीतरी तिला रूबेन रेसलरचं दुकान सांगितलं. रूबेन तिशीतला, दाढीवाला, दिवसभर रेल्वेवरच बोलणारा. ती आत गेली आणि आधी माफीच मागितली. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणाली.

रूबेनने काउंटरवर छोट्या रेल्वेचे तीन डबे मांडले, मोठा, मधला, लहान. "मिसेस हुडाक, घाबरू नका. खरी गाडी किती पटींनी लहान केली, एवढाच प्रश्न. हा मधला सत्त्याऐंशी पटींनी लहान. इंजिन ज्या मापाचं, रूळ त्याच मापाचे, झाडं, माणसंही त्याच मापाची. नाहीतर माणूस स्वतःच्याच घराच्या दारात मावत नाही, अशी गत. तुमचं इंजिन कुठल्या मापाचं?"

हेच तर तिला ठाऊक नव्हतं. इंजिन झोपायच्या खोलीत, क्लेमच्या पलंगासमोरच्या कपाटावर होतं. ते उचललं तर त्याला कळणार, आणि कळलं तर आशा लागणार, आणि तुकडा जमलाच नाही तर? एकदा त्याचं सगळं कचऱ्यात घातलं, आता दुसऱ्यांदा त्याची निराशा करायची नव्हती. तिने दुपारी क्लेम झोपला असताना श्वास रोखून, कागदाची पट्टी इंजिनाच्या दोन चाकांमध्ये धरली आणि पेन्सिलीने खूण केली. क्लेम कुशीवर वळला तेव्हा तिने पट्टी पाठीमागे लपवली. पण तो जागा नव्हता, किंवा तिला तसं वाटलं.

रूबेनने पट्टी मोजली. मधलंच माप. व्हेरोनाला दुकानातच रडू यायचं बाकी होतं.

मग त्याने एकाच रुंदीचे दोन रूळ शेजारी ठेवले. एक उंच, एक बुटका. उंच रूळ जुन्या चालीचा, म्हणाला, दणकट, पण खेळण्यासारखा दिसतो. बुटका अगदी खऱ्यासारखा, बारीक बारीक खिळ्यांसकट. हल्लीची कुठलीही गाडी दोन्हींवर पळते. व्हेरोनाला आठवलं, क्लेम दर नाताळात तळघरातून वर येताना कुरकुरायचा, की रूळ फार उंच दिसतात, खऱ्या यार्डात असे असते तर आम्ही शिड्या लावून चढलो असतो. इतकी कुरकुर करायचा, तरी त्याने कधी ते बदलले का नाहीत, हे विचारायचं तिला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. आताही सुचलं नाही. तिने बुटके घेतले. त्याला आवडतील तेच.

तीन महिने ती गॅरेजमध्ये खपली. क्लेमला सांगितलं, जुन्या डब्यांची आवराआवर चाललीय. फळी कापताना बोट कापलं, गोंदाने केस चिकटले. प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर सत्त्याऐंशी आकडा आहे का ते ती चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग दुकानातल्या मुलीला विचारून बघायची. एकदा खोक्यावर आकडा नसलेली गाय तिने परत केली. रूबेनने उसनं दिलेलं नवं इंजिन दिवसातून दहादा त्या चार फुटांवरून नेऊन बघायची. ते लोण्यातून सुरी जावी तसं जायचं. तरी धास्ती सरत नव्हती. आपल्या हातून काहीतरी राहिलंय, असं तिला सारखं वाटायचं. पण काय राहिलंय, ते शेगडीसारखं घरी जाऊन बघता येत नव्हतं.

शुक्रवारी हॉलमध्ये तुकडे जोडले. मंडळींनी तिच्या चार फुटांभोवती कोंडाळं केलं. तिने रुळांना आडवा जाणारा एक रस्ता केला होता आणि रुळांशी पिवळी शाळेची बस उभी केली होती, दार उघडून, खऱ्या बसने फाटकाशी थांबून कानोसा घ्यायचा असतो तशी. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

"इथंही थांबलीच का ही बस!" मर्ल म्हणाला. "चला, गाडी लेट."

मंडळाचं नवं इंजिन दोन फेऱ्या बिनतक्रार गेलं. मर्लने रुळांवरून बोट फिरवलं, भुवया जरा उंचावल्या, पण बोलला नाही. तिला ते दिसलं. तिने विचारायला हवं होतं आणि त्याने सांगायला हवं होतं. पण नवशिक्या बाईचा हिरमोड कशाला, असं त्याला वाटलं असणार, आणि तो नाही म्हणाला तर, या भीतीने तिची जीभ रेटली नाही.

शनिवारी सकाळी तिने क्लेमला कोट चढवला आणि हॉलमध्ये जायचंय म्हणाली. त्याने तोंड फिरवलं. तिने कपाटावरचं इंजिन टॉवेलात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवलं. "रागव," ती म्हणाली, "पण तिथं येऊन रागव." त्याने ते खाली ढकललं नाही, तेवढ्यावर तिने चाकाची खुर्ची दाराबाहेर काढली. हॉलसमोर इतकी गर्दी होती की व्हॅन हॉलकडे पाठ करून समोरच्या भिंतीला नाक लावून उभी करावी लागली. परत कसं निघायचं ही काळजी तिने तेवढ्यापुरती गिळली.

स्वयंपाकघरातून कोबी-नूडलचा आणि हॅमचा वास येत होता. व्हेरोनाने खुर्ची आपल्या तुकड्यापाशी नेली. क्लेम बघत राहिला. बसकडे बघितलं, तिच्या उघड्या दाराकडे, रुळांकडे. रुळांवर त्याची नजर अडकली आणि चेहरा कसनुसा झाला. तिला वाटलं, आवडलं नाही.

मर्लने टॉवेल सोडून इंजिन व्हेरोनाच्या लगेच पुढच्या तुकड्यावर ठेवलं, म्हणजे तिचा तुकडा सगळ्यांत शेवटी यावा, आणि चालू केलं. जुनं, काळं, जडशीळ इंजिन घरघरत निघालं. एकवीस तुकडे त्याने बिनबोभाट ओलांडले. बाविसाव्यावर शिरलं आणि टक्-टक्-टक्-टक् असा आवाज सुरू झाला. इंजिन उचकी लागल्यासारखं उडायला लागलं आणि बसच्या अलीकडे एक चाक टाकून कलंडलं.

मर्लने वीज बंद केली.

"कडा," रांगेतला तो दातांचा डॉक्टर गर्दीतून पुढे वाकून हळूच म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, जाणकार होता. "त्या काळच्या चाकांना या अशा खोल कडा असायच्या, पिझ्झा कापायच्या चाकासारख्या. रूळ बुटका आहे ना, कडा खाली खिळ्यांवर आपटतात. उंच रुळांवर आपटत नाहीत."

तेव्हा व्हेरोनाला कळलं. रुंदी मोजली होती, चाकाची खोली मोजली नव्हती. आणि क्लेमने एकतीस वर्षं ते कुरूप उंच रूळ का ठेवले, तेही आत्ता कळलं. बापाच्या इंजिनासाठी. कागदावर रुळाची उंची का लिहिली नाही, असं तिने मर्लला विचारलं. मर्लचा चेहरा पडला. ते सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणाला, कधी लिहायची वेळच आली नाही. सगळ्यांना म्हणजे ज्यांना ठाऊक असतं त्यांना. असल्या शहाण्या मंडळींचं काय करावं?

"एकदा टाकला मी तुझा तुकडा," ती क्लेमला म्हणाली, सगळ्यांदेखत. "आणि आता जागाही घालवली. मी विचारायला हवं होतं रे. घाबरले."

क्लेम तिच्याकडे बघत नव्हता. त्याचा डावा हात मांडीवरून उठला. तुकड्याच्या कडेवरून पुढे सरकला, अंगठा रुळाच्या आतल्या बाजूने खिळ्यांवरून फिरला, एकदा, दोनदा. मग त्याने मर्लकडे मान वळवली आणि कलंडलेल्या इंजिनाकडे बोट केलं. चौदा महिन्यांत त्याने पहिल्यांदा कशाकडे बोट केलं होतं.

मर्लने इंजिन उचलून परत पहिल्या तुकड्यावर ठेवलं. म्हणाला, नियमात किती वेळा ते लिहिलेलं नाही. पुन्हा एकवीस तुकडे पार झाले. इंजिन व्हेरोनाच्या चार फुटांशी आलं तसा क्लेमने डावा हात उचलला आणि खांद्याच्या रेषेत आडवा धरला, तळवा खाली.

हॉलमध्ये निम्मे म्हातारे रेल्वेतलेच. त्यांना काही सांगावं लागलं नाही. वेगाच्या चकतीवरचा मर्लचा अंगठा आपोआप मागे फिरला आणि इंजिन मंदावलं. क्लेमने हात आणखी जरा खाली दाबला. आणखी हळू. आता ते गोगलगायीच्या चालीने येत होतं, दिवा मिणमिणत होता, प्रत्येक खिळ्यावर टक् होत होतं, पण उडत नव्हतं, एकेका खिळ्यावर चढून उतरत होतं. चाळीस माणसं त्या चार फुटांवर वाकली. व्हेरोनाची नखं खुर्चीच्या पाठीत रुतली होती. बसच्या उघड्या दारासमोरून इंजिन गेलं, टक्, टक्, आणि पुढच्या उंच रुळावर चढलं. क्लेमने हात वरखाली केला. मर्लने वेग दिला.

"हात लावला का कुणी?" मर्लने विचारलं. दातांच्या डॉक्टरनेच आधी टाळी वाजवली.

दुपारभर इंजिन फिरत राहिलं आणि दर फेरीला क्लेम हात आडवा धरत राहिला. व्हेरोनाने त्याच्या कानाशी वाकून सांगितलं की सोमवारी रूबेनकडून उंच रूळ आणते, सगळं उकरून बदलते. क्लेमने मान हलवली, नाही. मग शेजारच्या टेबलावरचा पुठ्ठा ओढला, डाव्या हाताने वेडावाकडा दहाचा आकडा काढला, म्हणजे ताशी दहा मैल, यार्डात नाजूक रुळांपाशी वेगाची पाटी लावतात तसा, आणि तो तिच्या तुकड्याच्या सुरुवातीला टेकवून ठेवला. तो पुठ्ठा आजही तिथंच आहे. नवी इंजिनंसुद्धा तिथं हळू होतात.

बाहेर आली तेव्हा गाड्या दोन्हीकडून चिकटून उभ्या होत्या. तिने क्लेमची खुर्ची हॉलच्या छपराखाली ठेवली, व्हॅन मोकळी केली की तुला घ्यायला येते म्हणाली, आणि आत बसून ब्रेक तीनदा दाबले. मर्लला हाक मारावी का, असं मनात आलं. तिने आरशात बघितलं.

छपराखाली क्लेमचा डावा हात वर होता आणि सावकाश गोल फिरत होता. व्हेरोनाने डोळे पुसले, गिअर टाकला आणि त्या हाताकडे बघत मागे आली.